बाटलीतली कीर्ती आणि मडक्यातली गोडी

प्रत्येक गावाला दोन चवी असतात. एक पाहुण्यांसाठी आणि एक घरच्यांसाठी. पाहुण्यांची चव स्टेशनाबाहेर आणि हमरस्त्यावर रंगीत पाट्यांखाली मांडलेली असते. घरच्यांची चव मात्र विचारल्यावाचून कोणी दाखवीत नाही, आणि पाहुणा सहसा विचारीत नाही. आमच्या मावळचेच पाहा. लोणावळ्याला आलेला मनुष्य चिक्कीची पुडकी घेतल्याशिवाय माघारी फिरत नाही. चिक्की चांगलीच असते, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या ठाकर-कातकरी बाया पानांच्या द्रोणांत जी करवंदे घेऊन बसतात, त्यांची गोडी इथल्या माणसाच्या जिभेवर वर्षभर रेंगाळते. तरीही चिक्कीचे नाव देशभर गेले आणि करवंद घाटातच राहिले. याचे कारण चवीत नाही. गुळात बांधलेला दाणा महिनाभर टिकतो, कागदात गुंडाळून घेतो आणि आगगाडीत सुखाने बसतो. सकाळी तोडलेले करवंद संध्याकाळपर्यंत पाणी सोडू लागते. जे प्रवास करू शकते ते प्रसिद्ध होते, आणि ज्याला प्रवास सोसत नाही ते आपल्या झाडाखालीच लाडके होऊन राहते.

हा साधा नियम पेयांना लावून पाहावा, असे माझ्या मनात बरेच दिवस होते. दिवाळीच्या अंकात बिअरचा विषय निघालेला पाहून काही घरांतली वडीलधारी मंडळी चष्म्यावरून पाहतील, हे मी जाणतो. मी शाळामास्तर आहे. वडगावात मला ओळखणारे फार, आणि आमचे ग्रामदैवत तर साक्षात पोटोबा महाराज! तेव्हा पोटात काय जाते याचा हिशेब मला चोख ठेवावा लागतो. हा लेख पिण्याची भलामण करण्यासाठी लिहिलेला नाही. सुट्ट्यांत पुणे, गोवा आणि पालघरचा किनारा असा जो थोडाबहुत प्रवास घडला, त्यात नावाजलेली पेये आणि गावची आवडती पेये यांचे दोनदोन घोट मी शेजारीशेजारी चाखून पाहिले, सरकारी परवाना खिशात ठेवून. त्या घोटांच्या मागे जो इतिहास लागला, तो घोटांपेक्षा कितीतरी कडक होता. तो मुलाबाळांसकट सर्वांनी ऐकावा असा आहे.

प्रथम पुण्याकडे जाऊ. वडगावहून पुण्याची लोकल धरली की तळेगाव, देहूरोड, चिंचवड, पिंपरी करीत गाडी दापोडीनंतर खडकीला येते. खडकी म्हटली की आपल्याला ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. पेशवाईचा शेवट जिथे सुरू झाला, तिथे इंग्रजांनी छावणी वसविली. आणि छावणीमागोमाग बिअर आली. एच. जी. मीकिन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८८७ साली सिमला आणि कसौली येथील जुने कारखाने विकत घेतले, आणि पुढे राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग यांच्या जोडीला आमच्या या खडकीलाही बिअरचा कारखाना काढला. बाकीची सारी थंड हवेची गावे. त्यांच्या मांडीला मांडी लावून आमची खडकी बसली, ती हवेच्या गुणाने नव्हे, गोऱ्या शिपायांच्या तहानेने. कसौलीचा कारखाना ज्याच्याकडून घेतला, तो एडवर्ड डायर. १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबार करविणारा जनरल डायर याचाच मुलगा. इतिहासाची पाने अशी एकमेकांना कुठे चिकटलेली असतात, ते सांगता येत नाही.

पण बिअर हिंदुस्थानात आली ती याच्याही कितीतरी आधी, पिंपांतून आणि जहाजांतून. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो या भागात जॉर्ज हॉजसन याचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी तिथून जवळ. कंपनीच्या कप्तानांना स्वतःचा थोडा खाजगी व्यापार करण्याची मुभा असे. ते हॉजसनकडून उधारीवर पिंपे उचलीत आणि मुंबई-कलकत्त्याला साहेबलोकांना विकीत. आफ्रिकेला वळसा घालून यायला चार ते सहा महिने लागत आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. साधी बिअर एवढ्या उन्हात आंबून जाई. म्हणून तिच्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले अधिक घालीत. हॉपमुळे पेय नासत नाही. पुढे १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉप या कारखानदाराने तशीच बिअर काढून हॉजसनचा धंदा ओढून घेतला, आणि १८३० च्या आसपास तिला ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले.

आज पुण्या-मुंबईच्या नव्या बिअरगृहांतील फळ्यावर हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. तरुण मंडळी ते आदराने उच्चारतात. मी चाखून पाहिली. कारले आवडणाऱ्याला ती आवडेल. कडूपणाच्या मागून संत्र्याच्या सालीसारखा एक गंध येतो, आणि दुसऱ्या घोटाला ती पहिल्यापेक्षा बरी लागते. मला तिची चव वाईट वाटली नाही. नावाची मात्र गंमत वाटली. जिच्या नावात ‘इंडिया’ आहे, तिच्यात हिंदुस्थानचे त्या काळी काहीच नव्हते. जव इंग्लंडचा, हॉप इंग्लंडचा, पाणी इंग्लंडचे आणि पिणाराही इंग्लंडचाच. तोही साधा शिपाई नव्हे. शिपाई बहुधा काळी पोर्टर बिअर पीत, ही फिकी बिअर अधिकाऱ्यांच्या मेजावर जाई. हिंदुस्थानने तिला दिले ते फक्त अंतर. तिचा कडूपणा हा त्या अंतराचा कडूपणा आहे. प्रवासासाठी केलेली तडजोड पुढे चव म्हणून नावाजली गेली, ती अशी.

या नव्या बिअरगृहांची हकीकतही मौजेची आहे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाचे असे घर निघाले. हा शब्द इंग्रजी वाटतो. पण तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे! नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत विलायतेला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनेमहिने पडून राहत. काम नाही, उकाडा फार, ताप आणि दारू यांनी काहींची डोकी फिरत. इंग्रजी बोलीत ‘डूलाली टॅप’ म्हणजे वेड लागणे; त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. देवळालीचा ताप विलायतेला गेला, तिथे त्याचा शब्द झाला, आणि दीडशे वर्षांनी तो शब्द पुण्यात पेल्यावर येऊन बसला. प्रवास करणाऱ्या गोष्टींना नाव मिळते ते असे.

तिथली कृती मी लक्ष देऊन पाहिली. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे-भाजायचे, भरडायचे, गरम पाण्यात भिजवून गोड काढा करायचा, हॉप घालून उकळायचा, आणि थंड झाल्यावर किण्व घालून आंबवायचा. आमच्या घरच्या बाईमाणसांना यात नवल वाटू नये. नाचणीला मोड आणून सत्त्व काढतात, त्यातली निम्मी विद्या हीच. धान्याला मोड आला की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते, एवढेच तिचे रहस्य. आपण तिथे थांबून बाळाला सत्त्व पाजतो, ते पुढे जाऊन बिअर करतात. गव्हाची एक बिअर होती. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता, आणि दोन्हीपैकी एकही वस्तू तिच्यात नव्हती. तो वास किण्वाचा. ही मला मनापासून आवडली. चालक तरुण अभिमानाने म्हणाला, “सर, ही गाळलेली नाही, बाटलीत भरलेली नाही. इथेच केली आणि इथेच थोड्या दिवसांत संपवायची. हिचा ताजेपणा हीच हिची किंमत.” किंमत खरोखरच होती; त्या एका पेल्याच्या पैशांत आमच्याकडे लहान कुटुंबाचा आठवड्याचा इंद्रायणी तांदूळ येईल. पण त्याचे ते वाक्य मी जपून ठेवले, कारण तेच वाक्य मी पूर्वी एका वेगळ्या माणसाच्या तोंडून ऐकले होते.

तो माणूस पालघरच्या किनाऱ्यावरचा एक वृद्ध भंडारी. त्या किनाऱ्याला ताडांची रांग आहे. आपल्या भाषेत या झाडांच्या रसाला वेगवेगळी नावे आहेत: ताडाची ती ताडी, नारळाच्या माडाची ती माडी, आणि शिंदीच्या झाडाची ती शिंदीच. एवढी बारीक नावे ज्या भाषेत आहेत, तिथे ती वस्तू किती जुनी असेल, हे वेगळे सांगायला नको. म्हाताऱ्याने मला सूर्य उगवायच्या आत बोलाविले. झाडाच्या फुलोऱ्याला धारदार कोयत्याने पातळ काप द्यायचा, खाली मडके बांधायचे. रात्रभर थेंबथेंब रस गळतो. पहाटे उतरविलेला रस निव्वळ गोड. मडक्याला आतून चुना लावलेला असला तर तो आंबत नाही, तीच नीरा. चुना नसला तर उन्हे वर येतील तसतसा त्यात फेस धरतो, दुपारी ती ताडी होते, संध्याकाळी आंबट आणि दोन दिवसांत शिरका. “मास्तर,” तो म्हणाला, “हिला वाट पाहायला आवडत नाही. झाडाखाली प्याल तर आमची, गावाबाहेर न्याल तर कुणाचीच नाही.” बिअरगृहातल्या तरुणाने पाटी लावून सांगितले तेच, म्हाताऱ्याने मडके हलवीत सांगितले. इथेच केली, इथेच संपवायची.

चवीचे म्हणाल तर ताज्या ताडीचा आंबटगोडपणा आणि जिभेवरचा तो बारीक चुरचुरीत फेस मला गव्हाच्या बिअरच्या शेजारी बसविण्याजोगा वाटला. नीरा तर दोघींच्या वर. पण एकीला तीनशे वर्षे मान मिळत आला आणि दुसरीला शंभरावर वर्षे अपमान. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

वास्तविक एके काळी पारडे उलटे होते. सतराव्या-अठराव्या शतकांत गोव्याचा अरक, म्हणजे माडीपासून काढलेली दारू, युरोपात नावाजलेला होता. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या इंग्रजांच्या ‘पंच’ नावाच्या पेयाचा उल्लेख केला आहे. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंचे म्हणून ‘पंच’, असे मानतात. शब्द आपला आणि दारूही आपली. लंडनच्या उंची बैठकीत गोव्याच्या अरकाला किंमत होती. मुंबईत तर याच भंडाऱ्यांना इंग्रजांनी गावाच्या रक्षणासाठी शिबंदीत घेतले होते. आमच्या वडगावी जानेवारी १७७९ मध्ये कंपनीची फौज महादजी शिंद्यांच्या कोंडीत सापडली आणि तिला तहावर सही करावी लागली, हे मावळातले पोरही सांगेल. त्या काळी कंपनीच्या गोऱ्या शिपायाला शिध्याबरोबर अरकाचा वाटा मिळत असे. म्हणजे घाट चढून पुणे जिंकायला निघालेल्या विलायती माणसाचे शौर्य देशी मडक्यावर पोसले जात होते. त्या वेळी मडके कोणाला हलके वाटले नाही.

ते हलके झाले एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे कारण चव नव्हे, वसुली. सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे होते. भट्टी एका जागी असली तर तिच्या दारावर शिपाई बसविता येतो आणि गॅलन मोजून कर घेता येतो. बिअरचे पिंप मोजता येते, बाटली मोजता येते. पण हजारो ताडांवर हजारो मडकी बांधलेली; ती कोण मोजणार? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडागणिक कर बसला, झाड छेदण्यासाठी परवाना लागू लागला. बापजाद्यांच्या परसातल्या माडाला कोयता लावणे हा परवान्याशिवाय गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर गोष्ट याहून पुढे गेली. तिथल्या रानांत मोहाची झाडे. चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. आदिवासी ती वेचतात, वाळवितात, भाकरीतही घालतात आणि त्यांची दारूही करतात. १८९२ च्या मोहड्याच्या कायद्याने या दोन जिल्ह्यांत परवान्याशिवाय मोहाची फुले साठविणेच बेकायदा झाले. आपल्या दारातल्या झाडाखालचे फूल घरात ठेवले म्हणून माणूस अपराधी! आणि सरकारमान्य दारू निघे ती उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून; तीही मोहाचीच. फूल तेच, दारू तीच. एक जण मक्तेदार आणि दुसरा चोर.

याच काळात बिअरच्या बाजूने शास्त्र आणि आगगाडी दोन्ही उभी राहिली. खंडाळा ते पुणे रेल्वे १४ जून १८५८ रोजी सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाटाची चढण तयार झाली. पंचवीस बोगदे आणि सदतिसात एक असा चढ. तो बांधताना हजारो मजूर मेले, ते बहुतेक आपल्याच भागांतले गरीब लोक. त्या वाटेने मुंबई बंदरातली विलायती पिंपे पुण्याच्या छावणीत सुखरूप येऊ लागली. १८७६ साली लुई पाश्चर याने बिअरवर एक मोठा ग्रंथ लिहून ती का बिघडते आणि बिघडू नये म्हणून काय करावे, ते सांगितले. बाटली ठराविक उष्णतेवर तापविली की आतले जंतू मरतात आणि ती महिनोन्‌महिने टिकते. आगगाडी, बाटली आणि पाश्चर यांनी मिळून बिअरला पाय दिले. ताडीला मात्र कोणी पाश्चर भेटला नाही. तिला भेटला तो अबकारी शिपाई.

आता दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. दारूने घरे बुडतात, हे खरे आहे, आणि आपल्याकडे ते सर्वांत आधी ओळखले ते थोर माणसांनीच. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात गुत्ते वाढविण्याला पत्र लिहून विरोध केला. १९०८ साली पुण्यात लोकमान्यांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक गुत्त्यांपुढे उभे राहून पिणाऱ्यांना हात जोडू लागले. त्याच वर्षी जूनमध्ये लोकमान्यांना अटक झाली. योगायोग असा की त्याच १९०८ साली, आमच्या शेजारच्या तळेगावात, पैसा फंडाच्या पैशापैशाच्या वर्गणीतून काचेचा कारखाना उभा राहिला. एकीकडे स्वदेशी काच आणि दुसरीकडे बाटलीविरुद्ध धरणे. दोन्ही एकाच देशप्रेमाची रूपे. फुल्यांचा आणि लोकमान्यांचा रोख कशावर होता, ते नीट पाहावे. उत्पन्नासाठी गल्लोगल्ली गुत्ते उघडणाऱ्या सरकारवर तो होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण दारूबंदी झाली. हेतू निर्मळ होता. पण बंदीने तहान गेली नाही. ती झाडावरून उतरून नाल्याकाठच्या हातभट्टीत गेली. ताज्या ताडीत माणूस झिंगेल, पण झाड फसवीत नाही. हातभट्टीत काय पडते, ते करणाऱ्यालाही ठाऊक नसते. पुढे १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने आले, कारखान्यांची बिअर आणि विलायती पद्धतीची दारू दुकानांत परतली. हातभट्टी मात्र गेली नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती सारी गरीब वस्तीतली. बिअरगृहातला पेला त्यांना परवडणारा नव्हता आणि ताडाचे झाड त्यांच्या वाटेवर उरले नव्हते. नावाजलेले आणि लाडके यांच्या मधली जागा जेव्हा रिकामी पडते, तेव्हा तिथे विष येऊन बसते.

आणि म्हणूनच गडचिरोलीने १९९३ पासून दारूबंदी पाळली, किंवा गावोगावच्या बायका मतपत्रिकेवर ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दुकान बंद करवितात, तेव्हा मला त्यांचा आदर वाटतो. माझ्या वर्गात बापाच्या पिण्याने पुस्तके विकावी लागलेली मुले बसून गेली आहेत. त्या बायांना चवीचा इतिहास सांगायला मी जाणार नाही. मात्र त्यांचे मत ज्या बाटलीला आडवे करते, ती बाहेरून पेटीतून आलेली बाटली असते, हेही ध्यानात ठेवावे.

गोव्यात हीच कथा वेगळ्या वळणाने गेलेली दिसते. काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते आणले. माडाचा रस काढणाऱ्याला तिथे रेंदेर म्हणतात आणि त्या रसाला सूर. त्या सुरीचे उपकार पिणाऱ्यांवरच आहेत असे नाही. गोव्याचे पावाचे पीठ पिढ्यान्‌पिढ्या याच सुरीने फुगत आले आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केले की निघतो तो हुर्राक. त्याच्यात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी. फेणी कडक, वासाने उग्र, आणि कितीही टिकणारी. तिला २००९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा-पेय म्हणून मान दिला. विमानतळावर ती नक्षीदार बाटल्यांत मिळते. पण वैशाखात गोव्यातल्या एखाद्या खेड्यात बसून विचारा. तिथला माणूस फेणीची बाटली पाहुण्यापुढे सरकवितो आणि स्वतः हुर्राक घेतो. हुर्राक सौम्य, फळाच्या वासाचा, आणि अल्पायुषी. उन्हाळ्याचे दोनतीन महिने तो असतो, पावसाळ्यात संपतो. मी दोन्ही चाखले. फेणीला मी नमस्कार केला. हुर्राकाशी माझी मैत्री झाली.

तरीही गोव्याने एक गोष्ट शहाणपणाची केली. आपले झाड, आपले भांडे आणि आपला कारागीर यांना गुन्हेगार न ठरविता त्यांना नाव दिले. फेणीची कीर्ती झाली म्हणून हुर्राकही जगला; कारण एकाच भट्टीतून दोन्ही निघतात. मध्य प्रदेशानेही २०२१ साली मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान देण्याचे ठरविले. आपल्याकडे गव्हाच्या बिअरला ताजी म्हणून वाखाणणारे पुष्कळ आहेत. पण त्याच ताजेपणासाठी जन्मभर झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या मुलाला तो धंदा पुढे चालवावासा वाटत नाही. त्या वृद्धाचा मुलगा बोईसरच्या कारखान्यात जातो. त्यात वाईट काही नाही. पण झाड कसे छेदावे, काप किती पातळ द्यावा, कोणत्या झाडाला विसावा द्यावा, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते त्या म्हाताऱ्याच्या मनगटात आहे, आणि मनगट सत्तरी ओलांडलेले आहे.

मग नावाजलेले खरे की लाडके खरे? माझा निवाडा असा की, भांडण त्या दोघांत नाहीच. पुण्यातला तो तरुण आणि पालघरचा म्हातारा हे एकाच धर्माचे आहेत; दोघेही न टिकणारी, न हलणारी, ताजी वस्तू मन लावून करतात. एकाला आपण कलावंत म्हणतो आणि दुसऱ्याला ताडीवाला, एवढाच काय तो फरक; आणि तो फरक जिभेने केलेला नाही, १८७८ च्या कायद्याने केलेला आहे. आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली आंबेमोहोराचा संकर करून इंद्रायणी तांदूळ दिला. आंबेमोहोराचे नाव मोठे, पण मावळच्या घराघरांत भात शिजतो तो इंद्रायणीचा. आणि म्हणून आंबेमोहोराचा मान कमी झाला नाही. दोघांनाही शेतात जागा मिळाली, हे महत्त्वाचे. ताडाला आणि मोहाला तेवढीच जागा हवी आहे.

ज्यांच्या घरी हे सारे वर्ज्य आहे, त्यांनाही या इतिहासातली सर्वांत गोड वस्तू घ्यायला हरकत नाही. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की झाडांना रस चांगला सुटतो. सुट्टीत किनाऱ्याकडे जाल तेव्हा मुलांना पहाटे उठवा आणि उन्हे वर येण्यापूर्वी एकेक पेला नीरा पाजा. मुलांना विचारू द्या, की झाडावर मडके का बांधले आहे. आणि उत्तर त्या झाडावरून उतरणाऱ्या माणसालाच देऊ द्या.